युद्धाच्या चित्रकथांतले बरे-वाईट : आपले अनुभव लिहावेत

निरंजना
युद्धाची एक चित्रकथा वाचताना भाच्याने काल विचारले, "मावशी, यात जर्मन सगळे दुष्टच का?" आणि लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेले 'कमांडो'चे छोटे अंक आठवले. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ साली सुरू केलेल्या त्या मालिकेत सभ्य जर्मन अधिकारीही भेटत; मात्र आपल्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, बाजूने शत्रूला मारणे योग्यच, याबद्दल मी वाचलेल्या अंकांत कोणालाच शंका नसे. अशा कथा वाचताना आपण कुठे थबकलात, ते जरूर लिहावे.

सुहास_के
अमेरिकन चित्रकथाकार हार्वी कर्ट्झमनची इमजिन नदीकाठची कथा, १९५२ची, म्हणजे कोरियातले युद्ध चालू असतानाची. वाहत चाललेले प्रेत पाहून हा कसा मेला असेल याचे तर्क करणारा अमेरिकन सैनिक, थोड्याच वेळात अंगावर आलेल्या शत्रूला स्वतःच्या हातांनी पाण्यात बुडवून मारतो. त्याने मारले नसते तर तोच मेला असता, हे पटते. तरीही त्या चौकटी पाहवत नाहीत.

मुक्ता
सुहास, अगदी खरे. मला मात्र पॅट मिल्स आणि जो कॉहून यांचे पहिल्या महायुद्धावरचे 'चार्लीज वॉर' अधिक धीट वाटते. माणसे वाचवण्यासाठी हुकमाविना माघार घेणाऱ्या लेफ्टनंटला मृत्युदंड होतो आणि त्याच्यावर गोळी झाडायला नकार देणारा कोवळा चार्ली शिक्षा भोगतो. हे १९७९ साली सुरू झालेल्या, मुलांच्या साप्ताहिकातल्या मालिकेत!

देशमुख_सातारा
आमचे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. १९४५ साली सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून वाचवून आणले आणि मशिनगनची ठाणीही मोडली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चित्रकथाकार यातली ठाणीच आधी रंगवील, असे मला वाटते. आजोबा शत्रूविषयी एवढेच म्हणत, "तोही हुकमाचा ताबेदार."

रेवा
देशमुखकाका, आजोबांच्या आठवणींवर स्वतंत्र धागा काढाच.
निरंजनाताई, भाचा केवढा आहे? जपानी चित्रकथाकार केइजी नाकाझावांचे 'बेअरफूट गेन' सुचवते. ते स्वतः सहा वर्षांचे असताना हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमधून वाचले. कथेतल्या गेनचे वडील युद्धाला उघड विरोध करतात, म्हणून शेजारीच त्यांना देशद्रोही ठरवतात. जळालेल्या माणसांची चित्रे भीषण आहेत, त्यामुळे सोबत बसून वाचावे.

निरंजना
दहा वर्षांचा आहे. आधी मी वाचते, मग ठरवते. मुक्ता, चार्लीचे भाग पुस्तकरूपात कुठे मिळतील?