जर्मनीच्या वाहिन्यांचा उपग्रह खानापूर तालुक्यातून पकडता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. माझी पुतणी जर्मन शिकते आहे आणि रोजची बोलती जर्मन तिच्या कानावर पडावी, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. इंटरनेटवर जर्मन वाहिन्यांचे पुष्कळसे कार्यक्रम प्रसारणहक्कांमुळे त्या देशाबाहेर उघडत नाहीत, आणि पावसाळ्यात आमच्याकडचे इंटरनेटही भरवशाचे नसते. म्हणून या वाहिन्या थेट उपग्रहावरून घेता येतील का, हे मी तपासत आहे. एआरडी आणि झेडडीएफ या जर्मनीच्या सार्वजनिक वाहिन्या १९.२ अंश पूर्व रेखांशावरच्या अ‍ॅस्ट्रा उपग्रहांवरून फ्री टू एअर (म्हणजे विनाशुल्क, खुल्या) असतात, त्यामुळे कोणतेही कुलूप तोडण्याचा प्रश्न नाही.

मी केलेला हिशेब असा आहे. बेळगाव परिसरातून हा उपग्रह पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे २५ अंश उंचीवर येतो. आमच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग असली तरी ती इतकी उंच नाही. आड येतो तो परसातला फणस, आणि त्याच्या दोन फांद्या उतरवाव्या लागतील. आपण इतके पूर्वेला असल्याने एलएनबीसुद्धा (छत्रीच्या, म्हणजे डिशच्या, तोंडाशी बसणारा सिग्नल पकडणारा भाग) जवळजवळ ७१ अंश फिरवून बसवावा लागेल. इथपर्यंत भूमितीची अडचण नाही.

खरी शंका झोताची, म्हणजे उपग्रह सिग्नल कोणत्या भागाकडे टाकतो याची, आहे. अ‍ॅस्ट्राचे झोत युरोपवर रोखलेले आहेत, त्यामुळे उपग्रह आपल्या आकाशात असला तरी त्याचा सिग्नल इथे पोहोचतो असे धरून चालता येत नाही. या संदर्भात १९७५-७६ मधला साइट प्रयोग (उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा) मला नेहमी आठवतो. तेव्हा अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह ३५ अंश पूर्वेला आणला होता आणि आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेड्यांतसुद्धा दहा फुटी जाळीच्या छत्रीवर दूरचित्रवाणी दिसत होती. पण त्याचा झोत मुद्दाम भारताकडे वळवलेला होता. तसा झोत नसताना नुसत्या मोठ्या छत्रीने कितपत भागते, हे अनुभवी माणसेच सांगू शकतील.

माझ्याकडे केबल व्यवसायातून निघालेली, सी बँड या कमी वारंवारतेच्या पट्ट्यासाठीची दहा फुटी जाळीची छत्री आहे. सी बँडची लहर साधारण साडेसात सेंटिमीटर असते, तर जर्मन वाहिन्या ज्या केयू बँड या जास्त वारंवारतेच्या पट्ट्यावर आहेत (उदाहरणार्थ ११,४९४ मेगाहर्ट्‌झ) त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर. एवढ्या छोट्या लहरीला या जाळीची भोके आणि पाकळ्यांच्या जोडावरचा पोचा, दोन्ही बाधतील असे मला वाटते. शिवाय एवढ्या व्यासाच्या छत्रीला केयूवर नेम धरताना अर्ध्या अंशाची चूकही महागात पडते आणि आमच्याकडचा जून-जुलैचा वारा खांब हलवल्याशिवाय राहत नाही. पाऊस तर केयूचा सिग्नल खाणारच.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की, गोवा, कोकण किंवा बेळगाव भागात कोणी १९.२ किंवा १३ अंश पूर्वेच्या (हॉटबर्ड या दुसऱ्या युरोपीय) उपग्रहाकडे छत्री वळवून पाहिली असल्यास त्यांनी काय दिसले ते स्पष्ट सांगावे. पूर्ण चित्र आले नसले तरी चालेल. मीटरवर सिग्नलचा काही उंचवटा दिसला का, आणि छत्री पत्र्याची होती की जाळीची, एवढे कळले तरी पुढचा खर्च करायचा की नाही हे मला ठरवता येईल.

तो मार्ग बंद असेल, तर याच छत्रीवर सी बँडचा पर्याय शोधायचा आहे. इंटेलसॅट २० (६८.५ अंश पूर्व) आणि आशियासॅट ७ (१०५.५ अंश पूर्व) यांचे सी बँड झोत भारतावर येतात. यांवर सध्या एखादी जर्मन भाषेतील वाहिनी खुली आहे का?

त्यातच एक नवी अडचण आहे. गावाजवळच्या मनोऱ्यावर ५जी सुरू झाल्यापासून सी बँडचे चित्र अधूनमधून फुटते. ५जीला दिलेला पट्टा ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्‌झ आहे आणि माझा जुना एलएनबी ३,४०० पासूनच ऐकू लागतो, त्यामुळे ५जीच्या जोरदार सिग्नलखाली तो दबून जात असावा. ३,७०० ते ४,२०० एवढेच आत सोडणारा फिल्टर एलएनबीच्या तोंडाशी बसवून कोणाला गुण आला आहे का? बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीच्या बाजारात तो मिळत असल्यास कोणत्या नावाने मागावा, तेही कृपया कळवावे.