नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा डायपोल मोमेंट अमोनियापेक्षा कमी कसा काय?

औशाची अकरावी
मी औसा तालुक्यातली, लातूरला रूम करून राहते. रविवारच्या टेस्टला या एका प्रश्नात चार मार्क गेले, वर निगेटिव्हचा एक. अमोनिया की नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, डायपोल मोमेंट (रेणूतला विजेचा भार एका बाजूला किती झुकलाय त्याचं माप) कुणाचा जास्त? मी डोळे झाकून ट्रायफ्लोराइडचा गोल रंगवला. फ्लोरिनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढायची ताकद) ३.९८, नायट्रोजनची ३.०४, हायड्रोजनची २.२०. म्हणजे फ्लोरिनवाला बंधच जास्त ध्रुवीय, भार एका टोकाला जास्त झुकलेला ना? उत्तर निघालं अमोनिया १.४७ डिबाय (मोमेंटचं एकक) अन् ट्रायफ्लोराइड ०.२३. सहापट! आकार तर दोघांचा सारखाच, पिरॅमिड. क्लासला विचारलं तर "लोन पेअरमुळं, लिहून घ्या." लोन पेअर म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, हे लिहून घेतलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

उदगीरकर
तीन फ्लोरिन एकमेकांना कॅन्सल करतात, विषय संपला. बोरॉन ट्रायफ्लोराइड बघ, शून्य.

परभणीचे मास्तर (निवृत्त)
उदगीरकर, तुमचा बोरॉनवाला सपाट आहे हो. तीन बंधांच्या ओढीचे तीन बाण १२० अंशांवर, म्हणून बेरीज शून्य. हे दोघं तिवईसारखे. पाय तीनही एकाच बाजूला, त्यामुळं उभ्या दिशेत काहीतरी उरतंच.

बाळ, नुसत्या बंधाची ताकद बघू नकोस, ओढ कुठल्या दिशेला आहे ते बघ. काळ्या रानात उसाची ट्रॉली फसली अन् दोन ट्रॅक्टर समोरासमोर उलटे जुंपले, तर साखळ्या तुटतील, ट्रॉली हलायची नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे हेच. बंध चांगले ध्रुवीय, पण रेणू सरळ रेषेत, म्हणून मोमेंट शून्य. पाण्यात हेच दोन ट्रॅक्टर १०४.५ अंशांवर जुंपलेत. एका बंधाचा साधारण १.५ डिबाय धर, अर्ध्या कोनाचा कोसाइन ०.६१. २ × १.५ × ०.६१ म्हणजे १.८३. मोजलेला आकडा १.८५.

आता तुझं. दोन्ही तिवयांच्या डोक्यावर लोन पेअर बसलेली, तिचा बाण वर. अमोनियात नायट्रोजन हायड्रोजनकडून ओढून घेतो, म्हणून बंधांचे बाणही वरच. बेरीज. ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन ओढतो पायांकडं, खाली. वरचा बाण वर, खालचे खाली. वजाबाकी. उरले ०.२३.

उदगीरकर
मास्तर, मान्य. बोरॉन मागं घेतला.

औशाची अकरावी
सर, रात्री मेसमधून मूठभर भिजलेले हरभरे आणले, खराट्याच्या काड्या खोचून दोन तिवया केल्या, डोक्यावर टिकली लावली लोन पेअरची. काड्यांवर पेनानं बाण काढताना दुसऱ्या तिवईला हात आपोआप खाली गेला, तेव्हा लख्ख कळलं.

तिसऱ्या हरभऱ्यावर क्लोरोफॉर्म केला, म्हणजे मधल्या कार्बनला एक हायड्रोजन अन् तीन क्लोरिन. एक क्लोरिन असला तर मोमेंट १.८७ अन् तीन असले तर १.०४, हे आधी उलटंच वाटायचं. आता वाटतं, तीन क्लोरिन पायांत फाकलेत, ते आडवे एकमेकांत जिरतात. बरोबर ना?

परभणीचे मास्तर (निवृत्त)
बरोबर. चौथी काडीही क्लोरिनची कर अन् बेरीज काढून बघ किती येते. हरभरे सुकायच्या आत.