मदत हवी आहे: "आमच्याकडेच का यायचंय?" याऐवजी मुलाखतीत काय विचारावं?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघतो. कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं मशीनिंग, सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. वेगळा एचआर नाही, म्हणून ऑपरेटर आणि ट्रेनी निवडायचं काम मालकांनी माझ्या गळ्यात घातलंय.

"इथंच का यायचंय?" विचारलं की आयटीआयवाला असो वा डिप्लोमावाला, उत्तर ठरलेलं: "आपली कंपनी नामांकित आहे, शिकायला मिळेल." अहो, आमचा बोर्ड रस्त्यावरनं दिसत नाही, नामांकित कुठली! एका पोरानं मात्र सरळ सांगितलं, "सर, खानापूरची बस मच्छे, पिरनवाडीवरनं इकडंच येते. घरी म्हशी आहेत, धार काढून वेळेत पोचता येतं." मला आवडलं. मालक म्हणाले, याला कामात रस नाही.

खरी अडचण पुढं आहे. मशीनचं सेटिंग आणि ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) जमायला लागले की पोरं कोल्हापूरकडं शिरोली, पुण्याकडं चाकण नाहीतर गोव्यात वेर्ण्याला जातात. जास्त पगार मिळतो, जाणारच. त्यांना दोष देत नाही. पण टिकणारा कोण, हे आधी कसं ओळखायचं? कुणाकडं चांगले प्रश्न असतील तर सांगा की.

प्रतिसाद:
मी होनग्याला एका युनिटमध्ये भरती बघते. "का" सुरुवातीला विचारूच नका. आधी शॉप फ्लोअर फिरवून आणा. पगार, पाळ्या, ओव्हरटाइम स्पष्ट सांगा. मग विचारा, यातलं काय जमेल, काय जमणार नाही? समोर बघितलेल्या गोष्टीवर पाठ केलेलं उत्तर चालत नाही. जमलं तर हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एखादा जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, द्या. माप घेताना पोरगं प्रश्न विचारतंय का, तेवढं बघा.

म्हशीवाला मी घेतला असता. गाव सोडायचं नाही, याहून भक्कम कारण काय पाहिजे? बाकी, कोण टिकणार ते मुलाखतीत फारसं कळत नाही. काम शिकल्यावर पगार किती वाढणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर द्या. आमच्याकडं त्याचाच जास्त उपयोग झाला.

धागाकर्ता:
ताई, कागदाचं मालकांच्या कानावर घालतो, बघू काय म्हणतात. फिरवून आणायचं पटलं. पण आमच्याकडं चार-पाच जण एकदम येतात. सगळ्यांना एकत्र फिरवलं तर चालेल, की पहिला बोलला तेच बाकीचे बोलतील?