भाऊसाहेब: खाणमालक आणि आमदार

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांना एका चर्चेत ‘विलीनीकरणात (म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या प्रश्नावर) हरलेले खाणमालक’ एवढ्यावरच निकालात काढले आहे, ते मला अपुरे वाटते. १९६३ च्या गोवा विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब स्वतः उभेही नव्हते. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आल्यावर ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत गेले. खनिजाच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या या माणसाच्या मागे बहुजन समाज आणि कुळे उभी राहिली, आणि त्यांच्याच सरकारने १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला, हे विसरता येत नाही. (भाटकारांना, म्हणजे जमीनदारांना, तो किती झोंबला असेल, हे वेगळे सांगायला नको.)

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचे चिन्ह ‘फूल’ सुमारे ३४ हजार मतांनी, गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश ठेवण्याच्या बाजूच्या ‘दोन पानां’पुढे हरले, हे खरेच; पण अवघ्या दोन महिन्यांनी त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले. म्हणजे त्यांचा मुद्दा नाकारणाऱ्या गोव्याने त्यांना मात्र नाकारले नाही, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले तेव्हाही ते मुख्यमंत्रीच होते.