देवमासा पाणघोड्याचा नातलग कसा ठरतो?

प्रश्न: देवमाशाचा आकार माशासारखा असताना त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग पाणघोडा आहे, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवतात?

उत्तर १: बाह्य साम्य फसवे असते, पोहणाऱ्या कोणत्याही प्राण्याला निमुळते शरीर सोयीचेच. डीएनएमध्ये मात्र स्वतःच्या प्रती करून इतरत्र घुसणारे छोटे तुकडे असतात, आणि त्यांपैकी काही देवमासा व पाणघोडा या दोघांतही नेमक्या त्याच जागी आढळतात, तर गाईत त्या जागा रिकाम्या असतात. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

उत्तर २: मला हाडे अधिक बोलकी वाटतात. पाकिस्तानात सापडलेल्या आणि 2001 मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे खोबणीदार आहे, आणि अशी दुहेरी रचना हे समखुरी प्राण्यांचेच, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या गाय, पाणघोडा यांसारख्या प्राण्यांचेच, लक्षण आहे.

प्रश्नकर्ता: म्हणजे आजच्या देवमाशांना मागचे पायच उरले नसल्याने, जीवाश्मांशिवाय हा दुवा हाडांत दिसलाच नसता.