तीन महिने पूर्णवेळ ताई ची: तयारी काय, गुडघ्यांचं काय?

कोरी_पाटी:
ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला. तिचा 24 आकृत्यांचा क्रम (ठरलेल्या हालचालींची साखळी) दोन वर्षं करतोय, आठवड्यातून दोनदा. आता चेन या ताई चीच्या जुन्या शैलीच्या गुरूंकडे तीन महिने पूर्णवेळ शिकायचं ठरतंय. रोज 5 तास, आठवड्याला एक सुट्टी. आधी तयारी काय करावी? तेवढ्या काळात किती क्रम होतात? आणि गुडघे टिकतील ना?

ओळंबा:
गुडघ्यांचं आधी सांगतो, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. गुडघा बिजागरीसारखा वाकतो, पीळ फारसा सोसत नाही. कंबर वळायला हवी ती जांघेच्या सांध्यातून, म्हणजे चिनी गुरू ज्याला ‘क्वा’ म्हणतात तिथून. हा सांधा आखडलेला असला की वळण खाली सरकतं आणि गुडघा आत पडतो.

तपासून बघा: पाय फाकवून थोडं खाली बसा, बोटं जांघांच्या घडीत ठेवा आणि नाभी डावीकडे न्या. डाव्या घडीत बोटं चिमटली पाहिजेत आणि दोन्ही वाट्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिल्या पाहिजेत. उजवा गुडघा आत झुकला की थांबा. तुमचं आजचं वळण तेवढंच.

दुसरी चूक म्हणजे वजन असलेलं पाऊल तसंच फिरवणं. वजन मागे घ्यायचं, मग पुढचं पाऊल टाचेवर फिरवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाचव्या तासाला मागे बसायचा कंटाळा येतो आणि तिथेच घात होतो.

मांड्या पेटल्या तर पेटू देत. वाटीखाली किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं, तर त्याच दिवशी पवित्रा उंच करा, म्हणजे गुडघे कमी वाकवा. तिसरा-चौथा आठवडा फसवा असतो. स्नायू तयार झाल्यामुळे माणूस खाली बसायला लागतो, पण कंडरा त्यामानाने फार सावकाश तयार होतात.

चवडा_टाच:
क्रम एकच धरा: लाओजिया यीलू, म्हणजे चेन शैलीच्या जुन्या पद्धतीचा पहिला क्रम. 70 हून जास्त आकृत्या, संथ केला तर 15-20 मिनिटं. हालचाली महिना-सव्वा महिन्यात पाठ होतील. खरं शिक्षण त्यानंतर. गुरू कमरेला हात लावून बोटभर खाली बसवतात, कोपर जरासं आत घेतात आणि मांड्या लगेच थरथरायला लागतात. ते पुढच्या माणसाकडे वळले की शरीर गुपचूप जुन्या जागी येतं! तसं होऊ न देता 5-6 श्वास तिथेच थांबा आणि मधल्या सुट्टीत एक ओळ वहीत लिहा. दिवसाला एकच दुरुस्ती पकडा. दहा पकडल्या तर एकही राहत नाही.

सुरुवातीलाच ‘वज्रधारी उखळात कांडतो’ ही आकृती येते, तिच्यात पाय आपटायचा असतो. गुडघा ताठ ठेवून टाच हाणू नका. अख्खं अंग खाली सोडायचं, तळवा सपाट पडला पाहिजे, मुसळासारखा. कडक फरशीवर तर आवाजच काढू नका.

तयारीसाठी 8 आठवडे रोज झान झुआंग, म्हणजे स्तब्ध उभं राहणं. 5 मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला 2 मिनिटं वाढवा, 20 पर्यंत.

सैल_खांदा:
20 च्या मागे लागू नका, एवढाच माझा आक्षेप. खांदे वर चढले, श्वास छातीत अडकला किंवा माकडहाड मागे गेलं की ती वेळ संपली, मग 7 मिनिटंच का झालेली असेनात. पुढची 13 मिनिटं चुकीच्या पवित्र्याचीच सवय लागते.

बूट पातळ, सपाट तळाचे घ्या. पळायच्या बुटांचा तळ जमीन घट्ट धरतो. पाऊल फिरत नाही, पीळ सरळ गुडघ्यात.

कोरी_पाटी:
उंच पवित्र्यात करणार असं गुरूंना सांगितलं तर चालेल? कामचुकार वाटेन अशी धास्ती आहे.

ओळंबा:
पहिल्याच दिवशी सांगा. उंच, मध्यम आणि खालच्या पवित्र्यात क्रम करणं रूढच आहे. जुनं दुखणं असेल तर कोणता पाय, कोणत्या कोनात दुखतो तेही सांगा, म्हणजे त्या बाजूला दाबून बसवताना ते बेतानं घेतील.