मुलांना गटात बोलते करणारे प्रश्न : तुमचे अनुभव

धागाकर्ती, पुणे

नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मी दर शनिवारी वाचनकट्टा घेते. गोष्ट वाचून झाली की मुलांनी आपसांत चर्चा करावी अशी माझी फार इच्छा असते; प्रत्यक्षात मात्र दोन-तीन मुलेच बोलतात आणि उरलेली माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. ‘गोष्ट आवडली का?’ याला ‘हो’, आणि ‘गोष्टीतून काय शिकलो?’ याला ‘नेहमी खरे बोलावे’, याच्या पुढे गाडी सरकत नाही. दोष मुलांचा नसून माझ्या प्रश्नांचा आहे, असे मला आता वाटू लागले आहे. ज्या प्रश्नाने मुले खरोखर बोलती झाली तो प्रश्न, आणि त्यानंतर काय घडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचे काम मला एका प्रशिक्षणात कळले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प राहणारी मुले कमी होतात आणि मुले स्वतःही प्रश्न विचारू लागतात, असे त्यांना १९७०च्या दशकात आढळले होते. मी पुरेशी थांबते असा माझा समज असल्याने, खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात ‘आपल्या ओढ्याचे पाणी आटते म्हणजे ते जाते कुठे?’ असे विचारून मी मनात अंक मोजू लागले. तीनपर्यंत पोचतानाच मला राहवेना. पाचाच्या आत, हजेरीखेरीज वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून म्हणाली, की दिवाळीनंतर ओढा आटतो पण आजीच्या विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी असते, म्हणजे ते खालून विहिरीत जात असेल. आनंदाच्या भरात मी ‘शाब्बास, अगदी बरोबर!’ म्हणाले, आणि वर झालेले चार-पाच हात त्याच क्षणी खाली गेले. बाईंना हवे ते उत्तर मिळाले, आता आपले काय काम, असेच मुलांना वाटले असणार. ते खाली गेलेले हात मी विसरू शकत नाही. पुढे मी शाब्बासकी तासाच्या शेवटासाठी राखून ठेवली आणि मध्ये दोनच गोष्टी विचारू लागले : ‘असे तुला कशावरून वाटते?’ आणि ‘हिचे म्हणणे कोणाला पटत नाही?’ दुसरा प्रश्न अधिक कामाचा आहे, कारण त्यामुळे मुले माझ्याकडे पाहायचे सोडून एकमेकांकडे पाहू लागतात.

एक पालक, डोंबिवली

ज्याचे उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही असा प्रश्न विचारून पाहावा, असे मी सुचवेन. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मुलांना पाठ असते, म्हणून मी मुद्दाम तीच घेतली आणि विचारले, ‘खडे टाकले की पाणी खरेच तोंडापर्यंत येते का?’ सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हटले. फक्त एक मुलगा हळूच म्हणाला, ‘पण पाणी खड्यांच्या मधल्या फटीत लपून बसेल.’ मी त्यावर काहीच बोललो नाही. इतर मुलांनी त्याला घेरले, वाद रंगला आणि शेवटी घरातली लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणि शेजारच्या बांधकामावरची धुतलेली खडी आणावी लागली. बरणीत पाव भाग पाणी घेऊन वरपर्यंत खडी भरली तेव्हा पाणी निम्म्याच्या थोडे वर येऊन थांबले आणि त्यावरची खडी कोरडीच राहिली. मग अर्धी बरणी पाणी घेऊन पाहिले, तर पाणी काठाला लागले. ‘बरणी हलवून खडी आणखी बसव’, ‘वाळू टाकून बघू’ अशा सूचना ज्या मुलांकडून आल्या, त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि फटींचा मुद्दा काढणारा मुलगा म्हणाला, ‘म्हणजे कावळ्याने आधी आत डोकावून पाणी किती आहे ते पाहिले पाहिजे.’

शिक्षक, रायगड जिल्हा

आमच्या वर्गातली कातकरी या आदिवासी समाजातली मुले चर्चेच्या वेळी भिंतीला टेकून बसत. मी पुस्तकी भाषेत पुस्तकातलेच विचारत होतो, हे लक्षात यायला मला दोन वर्षे लागली, याचे वाईट वाटते. एकदा विचारले, ‘बिळात खेकडा आहे की नाही, हे हात न घालता कसे ओळखायचे?’ त्यांच्यातला एक मुलगा उठला, फळ्याजवळ आला आणि बिळाच्या तोंडाशी ताजी ओली माती कशी पडलेली असते ते खडूने काढून दाखवू लागला. त्यानंतर प्रश्न इतर मुलांनीच विचारले आणि उत्तरे त्याने त्याच्या बोलीत दिली.

रविवारच्या मराठी शाळेतील स्वयंसेविका, न्यू जर्सी

इथल्या मुलांना मराठी कळते, पण बोलताना शब्द सापडत नाहीत. ‘का?’ असे एकदम विचारले की ती गोंधळतात. ‘आजीकडची सुट्टी की इथली सुट्टी?’ असा निवडीचा प्रश्न आधी विचारला, जोडीदाराशी दोन मिनिटे बोलू दिले आणि मग कारण विचारले, की वाक्ये मोडकी का होईना, येऊ लागतात.

माजी विज्ञान शिक्षक, इटारसी

१९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेल्या आणि २००२पर्यंत चाललेल्या, मध्य प्रदेशातल्या शाळांत मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवणाऱ्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे येत. माझ्या वर्गात प्रत्येक पत्र पेटीत पडण्याआधी मोठ्याने वाचले जाई आणि मी विचारत असे, ‘हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का?’ चर्चा संपेपर्यंत मूळ प्रश्नाला आणखी दोन प्रश्न चिकटलेले असत.

धागाकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. एक अडचण राहिलीच : जो मुलगा कोणालाच बोलू देत नाही, त्याचे काय करावे?

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

त्याला गप्प बसवू नये. आपण फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचे नाही, असे काम त्याच्याकडे सोपवावे. माझ्या वर्गातला असाच एक मुलगा पहिले दोन दिवस रुसला होता; तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन कानात म्हणाला, ‘बाई, तिला अजून कोणीच काही विचारलं नाही. मी विचारू?’